डाव्या हाताची खुर्ची

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं चेकिंगला होतो. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. त्यात एवढंच, की मागावरून उतरलेला टॉवेल टेबलावर आला की उभा धागा कुठं तुटलाय आणि आडवा कुठं निसटलाय, हे मला चष्म्याशिवाय, बऱ्याचदा चहाचा कप तोंडाला लावलेला असतानाच, दिसायचं. माल परदेशी जायचा आणि माझ्या हातून गेलेला माल परत आला, असं एकदाही झालं नाही. (एकदा आला होता, पण तो रंगखात्याचा गाढवपणा.) मालक मला 'शरणप्पाचा डोळा' म्हणायचे. बाकीचा शरणप्पा त्यांच्या खिजगणतीत नव्हता, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्या माणसाचा जन्मभराचा मान डोळ्यावर उभा, नेमका त्याच माणसाला काचबिंदू व्हावा, याला काय म्हणावं ते माझं मला अजून ठरवता आलेलं नाही.

मोतीबिंदू हा सभ्य आजार आहे. तो येताना कळवून येतो, डोळ्यापुढं धुकं धरतो, ऑपरेशन केलं की मुकाट्यानं जातो. काचबिंदूचं तसं नाही. तो दुखत नाही, खुपत नाही, समोरचं सगळं नीट दिसू देतो आणि कडेकडेनं खात येतो. माझ्या बाबतीत त्यानं डावीकडून सुरुवात केली.

चार वर्षांपूर्वी माझा डावा खांदा दाराच्या चौकटीला धडकू लागला. चौकट वाकडी बसवली म्हणून मी सुताराला बोलावून भांडलो. तो बिचारा ओळंबा लावून, चौकट सरळ असल्याचं दाखवून, चहा न घेता निघून गेला. मग डाव्या बाजूनं जाणाऱ्या लोकांचे नमस्कार मला दिसेनासे झाले आणि जुळे सोलापूरच्या आमच्या कॉलनीत, 'रिटायर झाल्यापासून शरणप्पाला लई चढलीय' अशी बोलवा उठली.

आणि हेमावती. आमच्या व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या आहेत. उजवी माझी, तिच्या डाव्या हाताची हेमावतीची. बायकोनं नवऱ्याच्या डाव्या हाताला बसायचं असं तिच्या आईनं अक्कलकोटात लग्नाच्या वेळी सांगून ठेवलेलं, आणि गेली बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी ती तिथं बसत आलेली. ती अधूनमधून म्हणू लागली, "तुमचं माझ्याकडं लक्षच नसतं हो. मी बसलेय का उठून गेले, हेसुद्धा तुम्हाला कळत नाही."

"बत्तीस वर्षांनी कुणाचं लक्ष असतं?" असं मी म्हणायचो, आणि वर स्वतःच हसायचो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

शेवटी तिनंच मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक यंत्र असतं. त्याच्या वाटीत हनुवटी ठेवायची, समोर एकटक बघायचं आणि कुठंही बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी मनात म्हटलं, हा तर आपला धंदाच. दहा मिनिटांनी बाहेर येऊन मी तिथल्या माणसाला सांगितलं, "तुमचं मशीन बिघडलंय. डावीकडचे दिवे लागतच नाहीत." त्यानं कागद काढून माझ्या हातात दिला. मधोमध पांढरं, आणि डावीकडून काळे डाग पसरत आलेले. असला टॉवेल माझ्या टेबलावर आला असता तर मी तो बघताक्षणी बाद केला असता.

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब सुरू झाले. ते टाकायचं काम हेमावतीचं. एरवी ती घरात मराठी बोलते, पण हुकूम सोडायचा असला की कन्नडवर येते. बाटली हातात घेऊन ती म्हणायची, "म्याग नोड्री." म्हणजे वर बघा. मी वर बघायचो, थेंब बरोबर डोळ्यात पडायचा. दोन वर्षांत एकही थेंब वाया गेला नाही. मला वाटायचं, यात काय कौशल्य आहे, बाटली दाबली की थेंब पडतोच.

मग बंगळूरला दिलेल्या आमच्या मुलीचे, भुवनेश्वरीचे, दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, पण तिच्या डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हणून सांगितलं. लेकीनं आईकडं यायचं ते आईच लेकीकडं गेली. मुलगी झाली. हेमावतीनं सव्वा महिना तिकडं राहायचं ठरलं. जाताना तिनं फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली: सकाळी सात, संध्याकाळी सात, थेंब. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून ओरडून जे शेवटचं बोलली, तेही थेंबांबद्दलच होतं.

मी प्रामाणिकपणे थेंब टाकले. ते पडले मात्र गालावर, मिशीवर, एकदा कानात आणि एकदा समोरच्या भजीवर. गार लागलं की मी समजायचो, पडला. तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी डोळ्याचं प्रेशर मोजलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"औषध चालू आहे ना?"

"अगदी वेळेवर," मी म्हटलं. वेळेवर होतंच ते. जागेवर नव्हतं.

त्या म्हणाल्या, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ताबडतोब करायला हवं. डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला एक बारीक वाट करून द्यायची, म्हणजे दाब उतरतो. मी विचारलं, "मग डावीकडचं दिसेल?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही, काका. गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते राखायचं. थांबलात तर तेही जाईल."

घरी येऊन मी व्हरांड्यात बसलो आणि एक छोटासा बेत केला. ऑपरेशन करायचं, पण हेमावतीला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती ओल्या बाळंतिणीला टाकून धावत येणार. शिवाय एवढा दाब का वाढला, याचं उत्तर द्यावं लागणार, आणि ते उत्तर माझ्या मिशीत होतं. सव्वा महिन्यातले पंधरा-सतरा दिवस उरले होते. तेवढ्यात सगळं उरकून तिला स्टेशनवर आणायला जायचं, असा साधा बेत. साध्या बेतांचं पुढं काय होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

बेतात पहिला माणूस घ्यावा लागला तो शेजारचे ज्ञानबा. हे टेंभुर्णीचे, एस.टी.तले निवृत्त ड्रायव्हर, गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गंध. त्यांचा मोतीबिंदू मागच्या वर्षीच काढलेला, त्यामुळं डोळ्यांच्या बाबतीत ते स्वतःला निम्मे डॉक्टर समजतात.

"अप्पा, काय बी भ्या नगा. मी दुसऱ्या दिशी पेपर वाचाय लागलो. तुमी बी वाचताय."

"ज्ञानबा, तुमचा मोतीबिंदू होता. माझा काचबिंदू आहे."

"बिंदूच की दोन्ही."

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटबरोबर कोण?"

"मी हाय की," ज्ञानबा पुढं झाले.

"नातं?"

"शेजार."

"तसा रकाना नाही. पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, इतर."

"मग इतर लिवा."

"इतरची सही चालत नाही."

"चालत न्हाय तर छापलंय कशाला?" ज्ञानबांनी अगदी सरळ विचारलं. बाईंनी अगदी सरळ दुर्लक्ष केलं. "बरं, मग भाऊ लिवा," ज्ञानबा म्हणाले.

"आडनावं वेगळी आहेत."

एस.टी.त बत्तीस वर्षं गाडी उशिरा का आली, याची उत्तरं दिलेला माणूस तो. डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "ह्ये लहानपणी दत्तक गेल्यात."

अशा रीतीनं वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी दत्तक गेलो. माझे वडील मल्लप्पा यांना वर काय वाटलं असेल, कोण जाणे.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. डोळा बधिर केला होता. दिवा दिसत होता, दुखत नव्हतं. डॉक्टरबाई कुणाला तरी शांतपणे "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत होत्या, आणि मला सारखं वाटत होतं की डाव्या बाजूला कुणीतरी हात धरायला हवा होता. कुणी धरला असता तरी मला दिसलं नसतं, पण कळलं तर असतं.

घरी आलो तो डाव्या डोळ्यावर भोकाभोकांची प्लॅस्टिकची झाकणी, वर काळा गॉगल. नियम बरेच होते. वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. डोळ्यात पाणी जाता कामा नये. डोक्यावरून आंघोळ नाही. दर दोन तासांनी थेंब. आणि धूळ, पावडर, राख असलं काहीही डोळ्याच्या जवळपास नको. मी विचारलं, "विभूती?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "तीही राखच ना काका? महिनाभर नको." आमच्या घरात कपाळावर तीन आडव्या बोटांची विभूती लावल्याशिवाय माणूस ताटावर बसत नाही. इष्टलिंगाच्या पूजेला मान झुकवावी लागते, तीही बंद. मी ताठ मानेनं पूजा करू लागलो. देवापुढं इतकी ताठ मान मी पहिल्यांदाच ठेवली असेन.

थेंब टाकायला आणि जेवण द्यायला समोरच्या चंद्रव्वा यायच्या. मूळच्या मंद्रूपच्या, मनानं फार मोठ्या आणि औषधांच्या बाबतीत फार धोक्याच्या. पहिल्याच दिवशी त्या ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि एक मधाची बाटली घेऊन आल्या.

"अण्णा, ह्यो मध रोज रातच्याला डोळ्यात घाला. माज्या मावशीनं घातला हुता."

"मग मावशीला दिसायला लागलं?"

"न्हाई. पण मध लई चांगला हुता."

मध मी भाकरीशी खाल्ला. कॉलनीतले बाकीचेही येऊन गेले. एकानं गाईचं तूप सांगितलं, एकानं पहाटेचं दव. आणि येणारा प्रत्येक जण गॉगलच्या काचेत वाकून बघत एकच प्रश्न विचारायचा, "मग, आता लख्ख दिसतंय ना?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो की हे ऑपरेशन दिसण्यासाठी नाही, उरलेलं जाऊ नये म्हणून आहे. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा, जणू मीच त्याला फसवलं. चौथ्या दिवसापासून मी "लख्ख" म्हणू लागलो. लोक समाधानानं चहा पिऊन जायचे, आणि मग व्हरांड्यात एकट्याला फार ओकंबोकं वाटायचं.

त्यात हयातीचा दाखला निघाला. माझ्या पेन्शनसाठी दर वर्षी आपण जिवंत आहोत असं सिद्ध करावं लागतं आणि ती मुदत नेमकी याच महिन्यात संपत होती. कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रातल्या बाईंनी फोन माझ्या तोंडासमोर धरला.

"दोन्ही डोळे मिचकवा."

मी माझ्याकडचा एक मिचकवला.

"दोन्ही, काका. झाकणी काढा."

"डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलंय."

फोनवर लाल अक्षरं आली. चेहरा जुळत नाही. बाई म्हणाल्या, "मग डोळा बरा झाल्यावर या."

"तोवर ह्ये काय म्हणायचं?" ज्ञानबांनी विचारलं. "जित्तं का मेल्यालं?"

"तोवर प्रलंबित."

चौतीस वर्षं मी टॉवेलांना 'पास' आणि 'बाद' असे दोनच शिक्के मारले. हा तिसरा शिक्का माझ्यासाठी राखून ठेवलेला होता, हे मला माहीत नव्हतं.

घरी येऊन पेन्शनचे कागद परत फायलीत ठेवताना त्यात आमचा जोडफोटो निघाला. पेन्शनच्या अर्जाला लावलेला, दोघंही पोलिसांनी पकडून आणल्यासारखे ताठ. उरलेल्या उजव्या डोळ्याची नजरही आता मधल्या मधेच असते. त्या नजरेनं मी तो फोटो जवळ धरून बघू लागलो. माझ्याकडं बघितलं की हेमावती जायची, तिच्याकडं बघितलं की मी जायचो. दोघं एकदम काही दिसेनात. मग मी तिच्याकडंच बघत बसलो. स्वतःला मी पुष्कळ बघितलंय.

आता मूळ बेताचं काय झालं ते सांगतो. रोज संध्याकाळी पाचला हेमावतीचा फोन यायचा. पहिले तीन दिवस मी कॅमेरा बिघडलाय म्हणून नुसतं बोलून भागवलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ज्ञानबाभावजींचा फोन घ्या. बाळ दाखवायचंय. आणि मलाही बघायचंय तुम्हाला, महिना होत आला."

मलाही बघायचंच होतं. फार बघायचं होतं. म्हणून मी व्हरांड्याच्या खांबाआड असा बसलो की माझं निम्मं तोंड खांबामागं राहील आणि उजवं निम्मंच फोनमध्ये जाईल. गॉगल काढून खिशात ठेवला. आधी बाळ दिसलं. बारक्या पडद्यावर, माझ्या बारक्या नजरेतून, ते मला हप्त्याहप्त्यानं दिसलं. आधी नाक, मग मूठ, मग एक कान. चेहरा पुरा होईतो ते रडायला लागलं आणि हेमावती समोर आली. थकलेली दिसत होती. केस नीट विंचरलेले नव्हते.

"खांबामागं काय बसलाय?"

"इथं नेट येतं."

"आणि कपाळ मोकळं का?"

विभूती! डोळा लपवायच्या नादात कपाळाचा मला पत्ताच नव्हता. मी म्हटलं, "घामानं पुसली असेल."

"नोव्हेंबरात?" ती म्हणाली. "बरं, उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी चंद्रव्वा नेमक्या मंद्रूपच्या बाजाराला गेलेल्या. पाच वाजत आले. मी ज्ञानबांना म्हटलं, "तेवढं कपाळाला लावून द्या, पण डोळ्यात उडता कामा नये."

ज्ञानबांनी क्षणभर विचार केला. "भस्म उडणारच की अप्पा. डोळ्यात ग्येलं तर त्या डॉक्टरीणबाई मलाच धरत्याल. थांबा, माज्याकडं उगाळल्यालं हाय. उडत न्हाय, गळत न्हाय." आणि वाटी घेऊन आले. कपाळाला गारगार वाटलं. बोट खालून वर गेल्यासारखंही वाटलं, पण उपकार करणाऱ्याच्या बोटाची दिशा तपासायची नसते, असं मी समजतो. आरशात बघून उपयोग नव्हता. तीन फुटांवरच्या आरशातला मी मला गॉगलएवढाच दिसत होतो.

फोन आला. मी खांबाआडून उजवं तोंड आणि मोठ्या विश्वासानं पुरं कपाळ पुढं केलं. हेमावती बघतच राहिली.

"हे काय?"

"विभूती."

"ज्ञानबाभावजी आहेत का तिथं?"

"आहेत की."

"त्यांच्या कपाळावर काय आहे?"

मी मान वळवून ज्ञानबांकडं बघितलं. रोजच्यासारखं होतं, गोपीचंदनाचं उभं गंध. मी म्हटलं, "त्यांचं त्यांच्या कपाळावर, माझं माझ्या."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेऊन माझं कपाळ पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

हेमावती कन्नडमध्ये ओरडली तर घाबरायचं कारण नसतं. ती मराठीत शांतपणे 'बरं' म्हणाली की काहीतरी व्हायचं असतं. तासाभरानं चंद्रव्वा बाजारातून परतल्या आणि दारातच पिशवी खाली टाकून ओरडल्या, "अय्यो शिवने! अण्णा, तुमी माळ कवा घातली?"

तेव्हा मला कळलं. माझ्या, म्हणजे कागदोपत्री शरणबसव मल्लप्पांच्या, सात पिढ्यांच्या आडव्या कपाळावर ज्ञानबांनी उभं गंध ओढलं होतं. जन्मभर उभ्या आणि आडव्या धाग्यांवर पोट भरलेला मी, आणि स्वतःच्या कपाळावर उभं काय न् आडवं काय, ते मला कळलं नाही. चंद्रव्वा ओल्या फडक्यानं कपाळ पुसत होत्या आणि ज्ञानबा बाजूला खरोखर दुखावल्यासारखे उभे होते.

"द्येवाला उभं-आडवं कळतंय व्हय, अप्पा?"

"देवाला नाही कळत, ज्ञानबा. हेमावतीला कळतं."

दुसऱ्या दिवशी पाचला फोन आलाच नाही. मीच लावला, तर भुवनानं उचलला. "आई देवळात गेलीय, आप्पा." आवाज जरा विचित्र वाटला, पण बाळंतिणीचा आवाज, मी सोडून दिला.

त्याच्या पुढच्या दिवशी तपासणी होती. झाकणी निघाली. दाब उतरला होता. डॉक्टरबाई खूश होत्या, पण निघताना त्यांनी विचारलं, "मुलंबाळं आहेत?"

"एक मुलगी."

"तिचे डोळे तपासून घ्या. हे घराण्यात उतरू शकतं. तिला काही त्रास नसला तरी तपासा. तुम्हाला तरी कुठं होता?"

रिक्षात बसलो आणि पत्ता सांगायचंच विसरलो. स्वतःच्या डोळ्याचं इतके दिवस मी थट्टेवारी नेलं होतं. पण आता त्या फोनमधल्या मुलीचे डोळे, आणि तिच्या मांडीवरच्या त्या मुठीएवढ्या पोरीचे. बेत गेला खड्ड्यात, भुवनाला सांगायलाच हवं. दुपारी साडेतीनला मी व्हरांड्यात माझ्या खुर्चीत बसलो, गॉगल लावला, थेंबांची बाटली मांडीवर ठेवली आणि फोन लावला.

सगळं सांगितलं. थेंब कुठं कुठं पडले ते, ऑपरेशन, दत्तक, गंध, सगळं. मग डोळे तपासायचं सांगितलं. भुवना म्हणाली, "उद्याच दाखवते आप्पा. बाळाचेही दाखवते. तुम्ही घाबरू नका."

"आणि आईला यातलं काही सांगू नकोस. सांगितलंस तर ती येईल."

भुवनानं पलीकडं बाळ कुणाकडं तरी दिल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "ती यावी असं तुम्हाला वाटत नाही?"

असा प्रश्न मुलीनं बापाला विचारू नये. पण दुपारची वेळ, डोळ्यात आधीच औषधाचं पाणी, त्यात माझा तोल गेला. मी म्हणालो, "वाटतं की गं. रोज वाटतं. इथं तिची खुर्ची आहे ना डाव्या हाताला, तिकडचं मला दिसत नाही. मान वळवली तर दिसतं की रिकामी आहे. म्हणून मी वळवतच नाही. ती बसलीय असं धरून चालतो. संध्याकाळी दोन-चार वाक्यं बोलतोसुद्धा. ज्ञानबांना वाटतं, औषधाचा परिणाम आहे. ती दोन वर्षं सांगत होती, तुमचं माझ्याकडं लक्ष नसतं, आणि मी हसत होतो. तेव्हा मान वळवली असती तर पुष्कळ बघून झालं असतं."

नाक ओढल्याचा आवाज आला, तो फोनमधून आला असं मी समजलो. घड्याळात ठोके पडले. थेंबांची वेळ झाली होती. एवढ्यात डाव्या बाजूनं एक हात आला आणि माझ्या मांडीवरची बाटली उचलली. चंद्रव्वा आल्या, म्हणून मी फोन खाली धरला आणि म्हटलं, "चंद्रव्वा, तुम्हीसुद्धा हेमावतीला बोलू नका हं. तुमच्या पोटात काही राहत नाही." आणि गॉगल काढून मान मागं टाकली.

"म्याग नोड्री."

मी वर बघितलं. थेंब बरोबर डोळ्यात पडला.

महिनाभर कुणाचाच इतका बरोबर पडला नव्हता. मान खाली करायची मला हिंमत होईना. मी वर छताकडंच बघत विचारलं, "कधी आलीस?"

"अर्धा तास झाला. बंगळूरच्या गाडीनं. भुवनाच्या सासूबाई आल्यात चार दिवस तिच्याजवळ."

"अर्धा तास? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दारातून आलात, माझ्यासमोरून गेलात, बसलात आणि फोन लावलात. म्हटलं, बघू या, कधी दिसते." तिनं बाटलीचं झाकण लावलं. "मला वाटलं, नवरा विठोबाचा झाला. विठोबाचा झाला असता तरी चाललं असतं हो. हे काय करून बसलात?"

मी म्हणालो, "थेंब मिशीत पडत होते."

ती हसली का रडली ते मला दिसलं नाही, ती डावीकडं होती. मग तिनं पिशवीतून विभूतीची गोळी काढली, पदराच्या ओल्या टोकावर घासून दाट केली, माझा डावा डोळा स्वतःच्या तळव्यानं झाकला आणि तीन बोटांनी कपाळावर आडव्या रेघा ओढल्या. कणही उडाला नाही.

"चार दिवस आहे मी," ती म्हणाली. "मग परत जायचंय, पोरीचा सव्वा महिना व्हायचाय. चंद्रव्वाला थेंब शिकवून जाते."

चार दिवस. मी मनात मोजायला लागलो आणि लगेच सोडून दिलं.

मग ती उठली. बत्तीस वर्षं डाव्या हाताला असलेली ती वेताची खुर्ची तिनं उचलली, माझ्यासमोरून वळसा घालून पलीकडं नेली आणि उजव्या हाताला, पार माझ्या गुडघ्याला लागेल इतकी जवळ, मांडून तिच्यात बसली.

"इथं दिसते का?"

"दिसतेस."

"मग बघा," ती म्हणाली.

फोन अजून माझ्या मांडीवर चालूच होता.